बापाची बाजू

मराठीच्या प्राध्यापकाला लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या रांगेत, फार काय दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा एक प्रश्न चुकत नाही: "सर, सध्या वाचण्यासारखे काय आहे?" विचारणाऱ्याला अगदी ताज्या पुस्तकाचे नाव हवे असते. माझे उत्तर मात्र ठरलेले आणि शिळे. मी म्हणतो, १९६० ते १९६९ या दहा वर्षांतल्या कादंबऱ्या काढा आणि ओळीने वाचा. वर्षभराची सोय झाली.

माणसे हसतात. पण त्या दहा वर्षांत काय काय आले ते पाहा. १९६० साली उद्धव शेळक्यांची 'धग' आली. १९६२ साली श्री. ना. पेंडशांचे 'रथचक्र' आणि रणजित देसायांची 'स्वामी' या दोन कादंबऱ्या एकाच वर्षी आल्या. पाठोपाठ १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणि जयवंत दळवींचे 'चक्र'. मग शंकर पाटलांची 'टारफुला', हमीद दलवाईंचे 'इंधन', आणि ज्यावर आचार्य अत्र्यांनी झोड उठवली तो भाऊ पाध्यांचा 'वासुनाका'. १९६७ साली शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय', आणि दशक सरता सरता मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी'. वऱ्हाड, कोकण, खानदेश, कोल्हापूरकडची खेडी, मुंबईची झोपडपट्टी. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले आणि जणू त्याचा एकेक कोपरा येऊन आपली हकीकत सांगू लागला. आम्हा मराठीच्या मास्तरांचा 'साठोत्तरी' हा लाडका शब्द येथूनच सुरू होतो. तो आम्ही इतका वापरला आहे, की विद्यार्थ्यांना आता तो एखाद्या औषधाच्या नावासारखा वाटतो.

या कादंबऱ्यांवर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. पण त्यांच्याविषयीची सर्वांत चांगली चर्चा मी ऐकली ती वर्गात नव्हे, चर्चासत्रातही नव्हे. ऐकली सारोळ्याला, एका शेतकऱ्याच्या ओसरीवर.

हा शेतकरी माझा कॉलेजातला मित्र. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली. मी पुढे एम.ए. झालो, तो बी.ए. होताच वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतला आणि तेथलाच झाला. वाचन मात्र त्याने सोडले नाही. घरात धान्याच्या कणगीशेजारी पत्र्याचे एक कपाट आहे. त्यात खालच्या खणात खताच्या पावत्या आणि वरच्या दोन खणांत कादंबऱ्या. आमच्यापैकी कितीजणांची कपाटे अशी हाताळलेली असतील?

सारोळे म्हणजे पुणे जिल्ह्याचे दक्षिण टोक. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की कात्रजचा घाट, खेड-शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, किकवी करीत महामार्ग येथे नीरेवर येतो. पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा. हजारो गाड्या रोज या पुलावरून जातात. आत सारोळे नावाचे एक गाव आहे, हे त्यांतल्या किती प्रवाशांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे. गावातली तरणी मुले मात्र या रस्त्याकडे पाहतच मोठी होतात. उत्तरेला गेले तर पुण्यातली कॉलेजे, दक्षिणेला पुलापलीकडे शिरवळचे कारखाने.

भाद्रपदात मी दोन दिवस त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याचा थोरला मुलगा घरीच होता. पुण्यात इंजिनिअरिंगला होता. दुसरे वर्ष अर्धे टाकून उन्हाळ्यात तो जो परत आला, तो आलाच. का आला, हे त्याने सांगितले नव्हते. बापाने एकदा विचारले, दोनदा विचारले, मग विचारायचे सोडले. दोघे एका गोठ्यात काम करीत आणि म्हशींशी बोलत. वहिनींनी मला चहा देतानाच हळू आवाजात सांगितले, "भाऊजी, तुम्ही मास्तर आहात. तुमचं ऐकेल तो."

रात्री जेवणे झाल्यावर मित्राने विषय काढला तो मुलाचा नव्हे, 'कोसला'चा. मुलगा आत होता. दार उघडे होते.

"तू ती पोरांना शिकवतोस ना?" तो म्हणाला. "कोणाच्या बाजूनं शिकवतोस?"

मी म्हटले, "अरे, कादंबरीला बाजू कसली? पांडुरंग सांगवीकर आपली गोष्ट सांगतो. खेड्यातून पुण्याला येतो, वसतिगृहात रमतो, मग कशातच अर्थ वाटेनासा होतो, आणि सगळे सोडून गावी परत जातो. जे आहे ते सारे त्याच्या डोळ्यांनी."

"तेच म्हणतो मी. सगळं त्याच्या डोळ्यांनी. आणि पैसा कोणाचा?"

मी हसलो; तो हसला नाही. त्याचे म्हणणे असे होते. 'कोसला' त्याने प्रथम वाचली ती विसाव्या वर्षी, आमच्या त्या खोलीत. तेव्हा पांडुरंग म्हणजे आपणच, असे त्याला वाटले होते. (आम्हा सगळ्यांनाच वाटले होते. महिनाभर आम्ही प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घालून बोलत होतो.) यंदाच्या पावसाळ्यात त्याने ती पुन्हा काढली, आणि या खेपेस त्याचे लक्ष सारखे गावाकडे राहिलेल्या त्या बापाकडे जाऊ लागले. बाप सधन आहे, करडा आहे, मुलाला पैसे पाठवतो, हिशेब मागतो. मुलगा त्याच्याविषयी शेकडो पाने बोलतो. बापाला मात्र आपल्या तोंडाने आपली बाजू सांगण्याची संधी नाही.

"'मृत्युंजय'मध्ये बघ," तो म्हणाला. "कर्ण बोलतो, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, वृषाली बोलते. ज्या आईनं पोर पाण्यात सोडलं, त्या कुंतीलासुद्धा सावंतांनी बोलायला जागा दिली. मग सांगवीकराच्या बापानं असं काय पाप केलं होतं?"

साहित्यशास्त्रात याचे उत्तर आहे आणि ते मी दिले. एका पंचविशीच्या मुलाच्या डोक्यात आपण बसलो आहोत. त्याला बाप जेवढा दिसतो तेवढाच आपल्याला दिसणार. तेथे बापाला बोलते केले असते तर 'कोसला' समंजस झाली असती, आणि समंजस 'कोसला' कोणी वाचली नसती. नेमाडे स्वतःही ती प्रसिद्ध झाली तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. शिवाय धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा तो भाग आठव; हा पोरगा नुसता उडाणटप्पू असता, तर तसे दुःख त्याला झाले असते का?

"दुःख झालं रे. पण ते त्यानं आपल्याला सांगितलं. घरात सांगितलं का?"

यावर मी गप्प बसलो, कारण आतल्या खोलीतला पंखा बंद झाल्याचा आवाज आला होता.

मग बोलणे 'स्वामी'वर गेले. मित्राची आई तोवर वाती वळीत ऐकत होती. ती एकदम सावध झाली. 'स्वामी' तिने वाचली आहे, आणि पुढे दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा रवींद्र मंकणींचा माधवराव पाहायला अर्धी आळी एका घरात जमत असे, हेही तिला आठवते. खरोखर, मराठी मध्यमवर्गाच्या घरात 'स्वामी'ने जे स्थान मिळवले ते फार थोड्या कादंबऱ्यांना मिळाले आहे. बक्षीस म्हणून दिली, लग्नात आहेर म्हणून दिली, सुनेने सासरी नेली. 'रथचक्र'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६३ सालचा आणि 'स्वामी'ला १९६४ सालचा. पण आहेरात 'रथचक्र' दिलेले मी काही पाहिले नाही. दिले असते तर नव्या सुनेला फार आधी सगळे कळले असते.

"माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर बसला," आजी म्हणाली. "बाप पानपताच्या दुःखानं गेला, घर कर्जात, चुलता उलटलेला. तरी लेकरानं सावरलं."

"आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला मेलं," मित्र म्हणाला.

माझ्या मनात जी जुळणी झाली ती या दोन वाक्यांत. 'स्वामी' १९६२ ची, 'कोसला' १९६३ ची. एकीत बापाचे ओझे निमूट उचलून त्याखाली झिजून जाणारा मुलगा. दुसरीत ते ओझे माझे नाहीच म्हणणारा मुलगा. महाराष्ट्राने पहिल्याला देव्हाऱ्यात ठेवले आणि दुसऱ्याला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात. त्याआधी 'धग'मधली कौतिक पाहा. नवरा शिंपी, कर्तृत्वाने शून्य. पण पोराने शिकावे म्हणून ही वऱ्हाडातली बाई हाडांची काडे करते. 'रथचक्र'मधली बाईही तशीच. नवरा घर सोडून गेलेला, एकत्र कुटुंबात अपमान गिळायचे, आणि सारा जीव मुलाच्या शिक्षणात. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले. खेड्यापाड्यांतली पहिली पिढी कॉलेजची पायरी चढत होती. दोन आयांनी दोन कादंबऱ्यांत मुलाच्या शिक्षणावर सर्वस्व लावले, आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या कादंबरीत शिकायला गेलेला मुलगा परत येऊन म्हणाला, तिकडे काही नाही. तिघांची गावे वेगळी, जाती वेगळ्या, ऐपत वेगळी; लेखकांनी एकमेकांना विचारून लिहिले होते असेही नव्हे. तरी या पुस्तकांना एका घरातल्या पत्रांसारखे वाचता येते.

हे मी बोलून दाखवले. मित्र म्हणाला, "घर म्हणतोस तर एक सांग. कौतिक वाचायला शिकली असती आणि तिनं 'कोसला' वाचली असती, तर काय म्हणाली असती?"

मी विचार करीत होतो तेवढ्यात आतून मुलगा दारात आला. "काका, मी अर्धी वाचलीय ती," तो म्हणाला.

"अर्धीच का?"

"पुढं काय होतं ते मला माहीत आहे."

कोणी काही बोलले नाही. वहिनी चुलीपाशी उगीच भांडे हलवू लागल्या. मग तो बापाकडे न पाहता म्हणाला, "माझ्यावर दोन वर्षांत किती गेले, ते तुम्ही लिहून ठेवलेत का?"

मला वाटले, आता भांडण होणार. मित्र उठला, पत्र्याच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि खताच्या पावत्यांखालून एक वही काढून त्याच्या हातात दिली. मुलगा ती घेऊन दिव्याखाली बसला. बराच वेळ पाने उलटत होता. मध्येच त्याने विचारले, "ही बाराशेची नोंद कसली?"

"तुझ्या चष्म्याची," बाप म्हणाला.

मी वहिनींनी सांगितलेले मास्तरपण काही केले नाही. तशी गरजही दिसली नाही. इंजिनिअरिंगला परत जा, असे त्या रात्री कोणी म्हणाले नाही, नको जाऊस असेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक ऊस पाहायला गेले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग बांधावरून चालत होतो. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची यावर दोघांचा चांगला मोठ्या आवाजात वाद चालला होता. म्हशींना त्यात घेतले नव्हते.

हा लेख लिहीत असताना मित्राचा फोन आला. मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात तूर्त कामाला लागला आहे. कॉलेजचे काय ते दिवाळीनंतर पाहू म्हणतो. "आणि बरं का," मित्र म्हणाला, "'कोसला' काही पुरी केली नाही त्यानं. पण काल 'धग' नेलीय खोलीत. वऱ्हाडी कळत नाही म्हणतो, तरी वाचतोय."

मी म्हटले, "अडलेले शब्द लिहून ठेवायला सांग. फराळाला येईन तेव्हा बघू."