कॅल्शियम ओसरतं, रक्तवाहिनी आवळलेलीच

टेल्मिसार्टन, लोसार्टन ही नावं बीपीची गोळी घेणाऱ्यांना पाठ असतात. या गोळ्या अडवतात अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकाचं काम. जुलाब किंवा रक्तस्रावाने रक्तदाब उतरला की मूत्रपिंडं रेनिन सोडतात आणि त्यातून टप्प्याटप्प्याने अवघ्या ८ अमिनो आम्लांची ही साखळी तयार होते. ती धमनिका आवळते, दाब सावरतो. जीव वाचवणारी ही सोय कायम चालू राहिली, तर तीच जिवावर उठते.

आवळायचं काम धमनिकेच्या भिंतीतले अनैच्छिक स्नायू करतात. संप्रेरक पेशीच्या पटलावरच्या एटी-१ ग्राहीला चिकटतं. आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला कामाला लावतं, विकर पटलातला मेदरेणू तोडतो. त्यातून सुटलेला आयपी-३ नावाचा छोटा रेणू पेशीतली कॅल्शियमची कोठारं उघडतो. हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनावर बसतं, मग एक कायनेज मायोसिनला फॉस्फेट जोडतं आणि मायोसिन ॲक्टिनचे धागे ओढू लागतो. आवळणं थोडंसंच असलं तरी परिणाम मोठा होतो. पॉइझेलच्या नियमानुसार त्रिज्या २० टक्क्यांनी घटली आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या भागाचं. कॅल्शियमची उसळी लवकर ओसरते, ताण मात्र टिकतो. याचं कारण आहे ऱ्हो-कायनेज. मायोसिनवरचा फॉस्फेट काढणारं एक विकर असतं. ऱ्हो-कायनेज त्यालाच जखडून ठेवतं. मोरीला बोळा बसला, की नळाची धार बारीक केली तरी पाणी तुंबूनच राहतं, तसं हे. १९९६ मध्ये कोझो काइबुची यांच्या जपानी गटाने ही कडी दाखवून दिली.

म्हणूनच कॅल्शियमची वाट रोखणारं अम्लोडिपिन आणि ऱ्हो-कायनेजला रोखणारं फासुडिल ही दोन निराळ्या जागी काम करणारी औषधं आहेत. मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर तिथल्या धमन्या आकसतात; त्यासाठी जपानने १९९५ मध्येच फासुडिलला मान्यता दिली. रोजच्या बीपीसाठी ते वापरात नाही, कारण ऱ्हो-कायनेज शरीरात इतरही असंख्य पेशींमध्ये राबत असतं. डोळ्यापुरता परिणाम साधता येतो, तिथे वाट मोकळी झाली: याच विकराला रोखणारे रिपासुडिलचे थेंब जपानमध्ये २०१४ पासून काचबिंदूवर मान्य आहेत.