भेगेत राहणारा वाटसरू

हापूसच्या एका आंब्याहून हलकं कासव. वजन साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम. नर सहा ते आठ सेंटिमीटर, मादी थोडी मोठी, फार तर दहा. जमिनीवर राहणाऱ्या कासवांमध्ये याच्याहून लहान कोणी नाही. आफ्रिकान्स भाषेत त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना 'पाडलोपर' म्हणतात. म्हणजे वाटेनं चालणारा, आपला वाटसरूच. शास्त्रीय नाव केर्सोबियस सिग्नाटस.

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येला नामाक्वालँड हा कोरडा मुलूख आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही बेताचा. इथल्या खडकाळ टेकड्यांवर, दगडांच्या फटींत या कासवाचं घर. त्याला पाहायचं तर गुडघे टेकूनच पाहायला हवं. कवच घुमटासारखं फुगीर नाही, चपटं आहे; कडा किंचित दातेरी. तपकिरी-नारिंगी रंगावर काळ्या ठिपक्यांची अशी काही शिंपडण, की दगडफूल चढलेल्या खडकावर ते हलेपर्यंत दिसतच नाही. ऊन, कावळे आणि कोल्हे, तिन्हींपासून आसरा एकच: ती फट. चपटेपणाचं मोल तिथे कळतं.

पाऊस झाला की रानफुलं आणि रसदार पानांची झुडपं तरारतात, आणि कासवं चरायला बाहेर पडतात. खरं नवल दुष्काळात आहे. कासवाचं कवच म्हणजे एकदा घडलं की घडलं, अशीच आपली समजूत. पण स्प्रिंगबॉक गावाजवळ अभ्यासकांनी तीच तीच कासवं वर्षानुवर्षं मोजली, तेव्हा कोरड्या काळात त्यांची कवचं चक्क आकसलेली आढळली. हे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. पोटातलं पाणी आणि चारा घटला की कवच थोडं आत बसतं, आणि टंचाई लांबली तर हाडही झिजत असावं. इतकं ते त्या पावसाशी बांधलेलं आहे. पाऊस आणखी हटला तर काय, ही काळजी मला या आकड्यांतून सर्वांत जास्त जाणवते.

आज ही जात संकटग्रस्तांच्या यादीत आहे. गुराढोरांची अती चराई आहेच. शिवाय पाळण्यासाठी ती चोरून नेली जातात. खिशात मावणारा जीव लपवायला सोपा. मादी एका वेळी एकच अंडं घालते. एक मादी उचलून नेली, तर तिची जागा भरून निघायला त्या टेकडीला कितीतरी पावसाळे लागतील.