पंचेचाळिशीतलं विद्यार्थी-ओळखपत्र आणि मुंबईची तिकीट-खिडकी

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी जे चाळिशी-पन्नाशीत पुन्हा शिकायला लागले आहेत, त्यांना त्यातली मेख लगेच कळेल. प्रश्न असा की, मुंबईसारख्या शहरात राहून नाटक, चित्रं, लेणी, व्याख्यानं हे सगळं खिशाला परवडेल असं कसं गाठायचं? आणि त्यात आपल्या विद्यार्थी असण्याचा उपयोग होतो का?

आधी एक प्रसंग सांगतो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला बसलेले आम्ही काही जण एका ठिकाणी तिकीट काढायला गेलो. ओळखपत्रं पुढे केली. खिडकीतल्या माणसाने कार्ड पाहिलं, मग आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, मुलाचं कार्ड चालत नाही." मागची रांग हसली, आम्हीही हसलो. पूर्ण पैसे देऊन आत गेलो, पण आत चित्रांकडे काही लक्ष लागेना. तेव्हा आम्ही ठरवलं की हा नियम नेमका काय आहे, ते एकदा नीट समजून घ्यायचं.

समजलं ते असं. सवलत तीन गोष्टींवर मिळते: वयावर, दर्जावर, नाहीतर दिवसावर. आपला घोटाळा होतो तो पहिल्या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे.

वयाचं उदाहरण घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिथे तुम्ही एम.ए. करताय की पीएच.डी., याला अर्थ नाही. रेल्वेच्या विद्यार्थी पासाचंही तेच. त्याला दर्जा तर लागतोच, वर वयाची अटही आहे: सर्वसाधारणपणे २५ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींसाठी २७, संशोधक विद्यार्थ्यांसाठी ३५. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी तिथे वाद घालून उपयोग नाही, नियमच तसा आहे. दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ नागरिकांची सवलत, ती बहुतेक ठिकाणी साठीनंतर. मधली तीस-पस्तीस वर्षं आपण दोन्ही रांगांच्या बाहेर! संसार, हप्ते, मुलांच्या फिया, सगळा भार नेमका याच वर्षांत असतो, हे आपण जाणतोच.

पण अनेक संग्रहालयं आणि नाट्यसंस्थांच्या दरपत्रकात फक्त 'विद्यार्थी' असा शब्द असतो, वय लिहिलेलं नसतं. तिथे आपला हक्क आहे आणि तो न लाजता मागावा. मागायचा कसा? तर, 'सवलत द्या ना' असं म्हणू नये. 'विद्यार्थी दराला वयाची अट आहे का?' असं विचारावं. पहिल्या वाक्यात विनवणी आहे, दुसऱ्यात नियमाची चौकशी आहे. उत्तर देणाऱ्यालाही दरपत्रक पाहावं लागतं. अट असेल तर पूर्ण तिकीट काढून आत जावं, त्यात कमीपणा नाही.

कागदाचं एक लक्षात ठेवा. दूरस्थ शिक्षणाचं ओळखपत्र पुष्कळदा आपणच छापून घेतलेलं असतं, त्यावर शंका येते. अभ्यासकेंद्राचा सही-शिक्का घ्या, चालू वर्ष त्यावर दिसू द्या आणि सोबत बोनाफाइड दाखला ठेवा. दहा-पंधरा जण जाणार असाल तर अभ्यासकेंद्राकडून आधी पत्र पाठवून शैक्षणिक गटाचा दर आहे का, ते विचारा. एकट्याला जे अवघड जातं, ते गटाला सोपं जातं.

आता तिसरा प्रकार, दिवसाचा. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो. या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना प्रवेश मोफत ठेवण्याची पद्धत आहे. अलीकडच्या वर्षांत ८ मार्चला महिलांसाठीही तसं जाहीर होतं. जाण्याआधी त्या वर्षीची घोषणा पाहून घ्यावी. मात्र हिशेब पुरा करा. कान्हेरीचं तिकीट माफ झालं, तरी लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत, त्या फाटकाचे पैसे वेगळे. घारापुरीला खरा खर्च लाँचचा, आणि सोमवारी लेणी बंद. सवलत फक्त तिकिटाला असते, वाटखर्चाला नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जिथे सवलत मागायचीच नाही अशा जागा. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत कुणीही जावं, तिकीट नाही. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढून गेलं की दरबार हॉलमध्ये जाणकारांची व्याख्यानं ऐकायला मिळतात. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, त्याचे कार्यक्रम विनामूल्य असतात. राज्य नाट्य स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं, आणि उद्याचा नट आज तिथेच सापडतो. व्यावसायिक नाटक पाहायचं तर बाल्कनीतली शेवटची रांग आहेच. मराठी प्रेक्षक तिथूनच तयार झाला.

हे फुकट म्हणून हलकं समजू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती नोकरी-धंदा सांभाळून शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही होतीच की! सार्वजनिक ज्ञान सर्वांना खुलं असावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सवलत हा त्याच रीतीचा एक छोटा भाग. संस्थेला रिकाम्या खुर्च्या नको असतात आणि पुढचा प्रेक्षक हवा असतो. पन्नाशीतला विद्यार्थी तर बहुधा एकटा येत नाही, घरच्यांना घेऊन येतो.

म्हणून आमची एक सूचना सर्व संस्थांना आहे: दरपत्रकावर 'विद्यार्थी (वयाची अट नाही)' किंवा 'विद्यार्थी (अमुक वर्षांपर्यंत)' असं स्पष्ट लिहा. एका कंसाने रांगेतला अपमान टळेल.

आणि तुम्हाला सांगणं इतकंच की, कार्ड पाकिटाच्या मागच्या कप्प्यात दडवू नका, पुढे ठेवा. आम्ही नंतर त्याच ठिकाणी पुन्हा गेलो आणि तोच प्रश्न विचारला. खिडकीतल्याने दरपत्रक उलटून पाहिलं. वयाची अट नव्हती. अर्ध्या दराची तिकिटं हातात देताना तो म्हणाला, "काका, काय शिकताय?" आम्ही सांगितलं. त्या दिवशी चित्रं नीट दिसली.