नौकेतील दिवा

कोकणच्या किनाऱ्यावर वेसाव्यापासून मालवणापर्यंत मासेमारीची अनेक बंदरे आहेत. तेथून निघणाऱ्या यांत्रिक नौका कित्येकदा काही दिवस समुद्रावरच राहतात. दिवस कामात जातो. रात्री नांगर टाकून यंत्र बंद केले म्हणजे खलाशी नौकेवरील लहानशा केबिनमध्ये एकत्र येतात. तेथेच त्यांचे जेवण होते आणि तेथेच ते पाळीपाळीने झोप घेतात. पूर्वी अशा ठिकाणी रॉकेलचा कंदील टांगलेला असे. नौका हेलकावली की कंदीलही हेलकावे, काच काजळे आणि तेल सांडून आग लागण्याची धास्ती मनातून कधी जात नसे. पुढे यंत्र आले, यंत्राबरोबर बॅटरी आली आणि कंदिलाची जागा विजेच्या दिव्याने घेतली. आता त्या दिव्याची जागा एलईडी दिवा घेत आहे.

हा बदल वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. घरात एक दिवा काढून दुसरा बसवावा, तितकेच हे काम सोपे असेल असा कोणाचाही समज होईल. परंतु घर आणि नौका यांत एक मोठा भेद आहे. घरात वीज तारेतून सतत येत असते. नौकेत ती साठवलेली असते. नौकेची बॅटरी ही रांजणासारखी समजावी. यंत्र चालू असते तोवर त्याला जोडलेले जनित्र हा रांजण भरत राहते. यंत्र थांबले की भरणे थांबते आणि उपसा मात्र चालूच राहतो. केबिनमधील दिवे, नांगरलेली नौका इतरांना दिसावी म्हणून लावलेला उंचावरचा दिवा आणि बिनतारी संदेशयंत्र ही सर्व त्याच साठ्यावर चालतात. शिवाय पहाटे यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, तेही याच विजेवर. त्या काही क्षणांत यंत्राला गती देणारी मोटर शेकडो अँपिअर प्रवाह ओढून घेते. बॅटरी थकलेली असेल, तर यंत्र एकदोनदा कण्हते आणि गप्प होते. त्याच वेळी वारा किनाऱ्याकडचा असेल आणि खडक जवळ असतील, तर नौकेची अवस्था कठीण होते. मदतीसाठी हाक मारावी, तर संदेशयंत्रालाही वीज हवी! म्हणूनच सावध तांडेल यंत्र सुरू करण्यासाठी एक बॅटरी निराळी राखून ठेवतो. पण प्रत्येक नौकेवर अशी सोय असतेच असे नाही.

दिवे यातील किती वीज खातात, हे साध्या गणिताने कळते. समजा, केबिनमध्ये दहा वॉटचे चार जुने दिवे आहेत आणि बॅटरी बारा व्होल्टची आहे. चार दिव्यांचे मिळून चाळीस वॉट झाले. त्यांना बाराने भागले की सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह येतो. हे दिवे रात्री नऊ तास जळले, तर जवळजवळ ३० अँपिअर-तास वीज खर्च होते. बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे लिहिलेले असले, तरी सामान्य शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी खरोखर असते ती पन्नासच. त्यातील तीस एका रात्रीत गेली, तर यंत्र न चालवता दुसरी रात्र काढणे अशक्यच. आता त्याच चार जागी दीड-दीड वॉटचे एलईडी दिवे बसवले तर? प्रवाह अर्धा अँपिअर आणि नऊ तासांचा खर्च साडेचार अँपिअर-तास! उजेड मात्र जवळपास पूर्वीइतकाच.

उजेड तेवढाच आणि खर्च सातवा हिस्सा, हे घडते कसे? जुन्या दिव्यात टंगस्टन धातूची बारीक तार असते. ती अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते, तेव्हा प्रकाश देऊ लागते. प्रकाश हे तेथे उष्णतेचे उपफळ असते. दिलेल्या शंभर भाग ऊर्जेपैकी नव्वदांहून अधिक भाग उष्णतेतच जातात. त्यातून ती तार नाजूक असते, आणि यंत्राची सततची थरथर तिला फार दिवस टिकू देत नाही.

एलईडी दिव्यात तापणारी तार नसतेच. त्यात अर्धवाहक पदार्थांचे दोन थर एकमेकांना जोडलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन मुबलक असतात आणि दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांसाठी रिकाम्या जागा असतात. वीजप्रवाह सोडला की इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या जागांत उतरतात आणि उतरताना जी ऊर्जा टाकतात, ती सरळ प्रकाशरूपाने बाहेर पडते. डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा असा दिवा निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली तयार केला. पण घरात किंवा नौकेत लावण्याजोगा पांढरा प्रकाश मिळण्यास आणखी तीस-पस्तीस वर्षे जावी लागली, कारण निळा प्रकाश काही केल्या साधेना. तो अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थापासून साध्य केला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी बहुधा मुळात निळाच असतो. त्यावर दिलेला पिवळसर लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश देतो आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांना पांढरे दिसते.

कोळीवाड्यांत एलईडी हे नाव ऐकताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, त्याचे कारण निराळे आहे. प्रखर एलईडी दिव्यांचे झोत समुद्रावर सोडून माशांचे थवेच्या थवे ओढायचे आणि एकदम जाळ्यात घ्यायचे, अशी पद्धत काहींनी सुरू केली होती. तिच्यामुळे पारंपरिक मच्छीमारांच्या पोटावर पाय येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीस बंदी घातली. केबिनमधील दीड वॉटच्या दिव्याचा त्या प्रकाराशी काहीही संबंध नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा डागडुजीबरोबर दिवे बदलण्याचे कामही उरकता येते. आधी बॅटरीची तार सोडवावी लागते. मग जुना दिवा काढून त्याची बैठक पाहतात. कोठे ती खटक्याची असते, कोठे दोन काड्यांची, तर कोठे दोन्ही टोकांना निमुळत्या नळीसारखी. खाऱ्या हवेने पितळी टोकांवर हिरवट गंज चढलेला असतो. तो घासून काढल्याविना नवा दिवाही मिणमिणतो. जुन्या दिव्याला प्रवाह कोणत्या बाजूने येतो याची पर्वा नसते. एलईडी मात्र प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. म्हणून नवा दिवा लागला नाही, तर तो बिघडला असे मानण्यापूर्वी त्याची टोके उलटी करून पाहावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट दाबाची. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात खरी; पण यंत्र चालू असताना तिच्यावरील दाब चौदा व्होल्टच्याही वर चढतो. एवढ्या वाढीने एलईडीमधील प्रवाह पुष्कळ वाढतो, तो तापतो आणि लवकर निकामी होतो. चांगल्या दिव्यात प्रवाह आवरून धरणारे छोटे नियंत्रक बसवलेले असते. स्वस्त दिव्यात ते नसते. किंमत पाहून घेतलेला दिवा पहिल्याच हंगामात जातो तो यामुळे.

पण हे नियंत्रकही निर्दोष नसते. ते प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करीत असते आणि त्यातून रेडिओलहरी बाहेर पडतात. दिवा नीट घडवलेला नसेल, तर या लहरी बिनतारी संदेशयंत्रात मिसळतात आणि दूरचा क्षीण आवाज त्यांत बुडून जातो. संकटाची हाक देण्यासाठी राखलेल्या सोळाव्या वाहिनीवर कोणी हाक मारत असेल आणि ती ऐकूच येत नसेल, तर केवढा अनर्थ! अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली याविषयी नाविकांना सूचना दिली आणि परीक्षेची एक सोपी रीतही सांगितली. सर्व एलईडी दिवे बंद करून संदेशयंत्र एखाद्या शांत वाहिनीवर लावावे. खरखर दाबणारी कळ, खरखर नुकतीच थांबेल इतपतच फिरवावी. मग एकेक दिवा लावत जावे. ज्या दिव्याबरोबर खरखर पुन्हा सुरू होईल, तो दिवा दोषी!

रंगाचाही विचार करावा लागतो. जेवणाच्या जागी पिवळसर पांढरा उजेड बरा वाटतो. परंतु सुकाणूजवळ पांढरा झगझगीत दिवा लावणे धोक्याचे. उजेडातून अंधारात पाहताना डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात समोरची बिनदिव्याची होडी सुकाणूवाल्याला दिसणार नाही. मंद तांबड्या प्रकाशाने मात्र अंधारातील दृष्टी फारशी मोडत नाही. म्हणून तेथे तांबडा दिवा लावतात.

नौकेच्या बाहेरील मार्गदर्शक दिव्यांची गोष्ट निराळी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डाव्या बाजूस तांबडा, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. बारा ते पन्नास मीटर लांबीच्या नौकेचा बाजूचा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. त्याची रंगीत काच जुन्या दिव्याच्या प्रकाशासाठी बनवलेली असते. पांढऱ्या एलईडीत तांबडा अंश थोडा असल्यामुळे तांबड्या काचेआडून तो फिका पडतो, आणि हिरव्या काचेआडून निळसर दिसू शकतो. म्हणून तेथे केवळ आतला दिवा न बदलता काचेसह संपूर्ण प्रमाणित दिवाच नवा घेतात.

हे सर्व झाल्यावर नौका पाण्यात जाते. पहिल्या रात्री यंत्र थांबवून थोडा वेळ गेल्यावर तांडेल बॅटरीचा दाब मोजतो आणि पहाटे यंत्र सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजतो. भरलेली बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, निम्मी रिकामी झालेली १२.२ च्या आसपास. पहाटेचा काटा रात्रीच्या काट्याच्या जवळपासच असला, म्हणजे तो समाधानाने यंत्राची कळ दाबतो.