दहा पावलांचा चौकोन

संध्याकाळी वस्तीतल्या मैदानावर जरा उभं राहून बघा. वीस-बावीस पोरं आणि एक चेंडू. चेंडू जिकडे जाईल तिकडे सगळा घोळका. त्यातले चार-पाच दांडगे खेळतात, बाकीचे नुसते मागे पळतात. कडेला उभ्या असलेल्या मुलीच्या पायाला तासाभरात दोनदा चेंडू लागला तरी खूप. पोरं खेळतायत म्हणून आईबाप समाधानी असतात, पण अंगाला व्यायाम होतो तो त्या चार-पाचांच्याच, आणि फुटबॉल शिकतात तेही तेवढेच.

याला उपाय मोठं मैदान हा नाही. जागा आणखी लहान करायची आणि पोरं वाटून टाकायची.

दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन आखा. चार कोपऱ्यांना विटा किंवा चपला ठेवल्या की झालं. चारही बाजूंना एकेक खेळाडू. पाचव्यावर राज्य, तो मध्ये. बाहेरच्या चौघांनी चेंडू आपसात फिरवत ठेवायचा, मधल्याने तो अडवायचा. स्पेनमध्ये याला रोंदो म्हणतात. योहान क्रायफ १९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते. रोंदो हा त्यांच्या सरावाचा कणा होता. आपल्याला त्यासाठी हिरवळ लागत नाही. काँक्रीटवर चेंडू फार उसळतो, तेव्हा हवा थोडी कमी करा.

हा खेळ दिसायला पोरखेळ वाटतो, पण शिकवणाऱ्याने नीट पाहिलं तर चेंडू का हातचा जातो ते इथेच कळतं. बहुतेक वेळा पाय चुकत नाही, नजर चुकते. चेंडू पायात आल्यावर पोरगं मान वर करून साथीदार शोधतं, तोवर मधला अंगावर आलेला असतो. म्हणून चेंडू यायच्या आधीच इकडे-तिकडे बघायची सवय लावायची. उभं राहायचं ते थोडं तिरकं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. आणि चेंडू शक्यतो लांबच्या पायावर घ्यायचा. उजवीकडून आला तर डाव्या पायावर घेतला, की अंग आपोआप पुढच्या पासकडे वळतं.

दुसरी चूक ज्याच्याकडे चेंडू नाही त्याची. तो मधल्याच्या पाठीमागे लपल्यासारखा उभा राहतो. मग पास द्यायला वाटच उरत नाही. दोन पावलं सरकला की वाट मोकळी. पास दिला की आपलं काम संपलं असं नाही, लगेच पुढच्या पाससाठी जागा घ्यायची. आधी चेंडूला कितीही वेळा पाय लावू द्या, जमायला लागलं की दोनदाच.

प्रत्येक पासला ओरडू नका. एकदा थांबवा आणि विचारा, ‘चेंडू यायच्या आधी तू कुठे बघत होतीस?’ उत्तर ती स्वतः शोधते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘ज्याचा पास चुकला त्याच्यावर राज्य’ हा नियम ठेवला की सगळ्यात कच्चं पोर सतत मध्ये राहतं, बाकीचे हसतात आणि चार दिवसांनी ते यायचंच बंद होतं. म्हणून चाळीस मोजून झाले की मधला बदलायचा, चेंडू मिळो वा न मिळो.

हे रुळलं की तीन विरुद्ध तीन खेळवा, जागा दुप्पट करा, आणि एक सातवा खेळाडू ठेवा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांच्या बाजूने तो खेळेल. सलग सहा पास झाले की एक गुण. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती. यात चांगलाच दम लागतो, कारण लपायला जागाच नसते.

लहान जागेतला फुटबॉल कमी दर्जाचा समजू नका. होमलेस वर्ल्ड कपमध्ये एका बाजूला गोलकीपर धरून चारच खेळाडू असतात आणि मैदान जेमतेम २२ बाय १६ मीटर. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांचा जो फुटबॉल सुरू केला, तिथली मुलं या स्पर्धेपर्यंत पोचली. ‘झुंड’ सिनेमा बारसे सरांवर बेतलेला आहे हे वाचकांना ठाऊक असेलच.

आता तब्येतीचं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या चौकोनात ती सहज होते. पण इथे सारखं वळावं आणि थांबावं लागतं, ताण घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. आधी दहा मिनिटं हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, बैठका हे टाळू नका. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच खेळवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी.

आणि एखादी मुलगी दोन मिनिटांतच धापा टाकत असेल, चौकोनाच्या कडेला सारखी बसत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या डोळ्यांच्या खालची पापणी ओढून बघा, नखं बघा, फिकट आहेत का. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. फिकट नसली तरी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांपुढच्या मुलीचं ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. जेवणाबरोबर चहा नको, पालेभाजीवर लिंबू पिळा. तोवर तिला मैदानावरून घरी पाठवू नका. झेपेल तेवढं चौकोनात खेळू द्या, आणि ती बसली की पास मोजायचं काम तिच्याकडे द्या.