कासव उघडं का बेघर?

वऱ्हाडातल्या पारावर घालण्याजोगं कोडं : ‘सांग गा, कासवाची पाठ काढून घेतली, त थे उघडं झालं का बेघर झालं?’ अर्धे म्हणतात उघडं, अर्धे बेघर. दोघंही हरले! कारण ते जिवंतच राहत नाही.

कवच म्हणजे अंगात घातलेला सदरा नव्हे, की भाड्याची खोलीही नव्हे. कासवाचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन पाठीच्या ढालीत एकजीव झालेल्या असतात. वरची खवलं आपल्या नखांसारख्या केराटिनची. त्यांच्याखाली जिवंत हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. म्हणून कवचावर ओरखडा काढला, तर कासवाला तो कळतो. आणखी नवल म्हणजे आपले खांदे बरगड्यांच्या बाहेर, कासवाचे आत! बरगड्या हलत नसल्यामुळे श्वासासाठी त्याला पोटातले स्नायू वापरावे लागतात.

अमरावती-अकोल्याकडच्या तळ्या-नाल्यांत राहणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाला पोटाच्या बाजूनं कातडी झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की झडप बंद. पाणी आटलं की ते स्वतःला चिखलात गाडून घेतं आणि ४५ अंशांचा वैशाख तिथेच काढतं.

हे कासव आणि चांदण्या कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘लक्ष्मी येते’ म्हणून घरच्या टाकीत यांतलं कासव ठेवणं हा गुन्हाच. कुठं सापडलं, तर वनविभागाला १९२६ वर कळवा.