मातेचा ताप आणि अपत्याचे आयुष्य

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीसारख्या गावात, जेथे पानमळ्यांची कामे स्त्रियांच्या हातांवाचून पार पडत नाहीत, तेथे गरोदर स्त्रीला बारीक ताप आला आणि दोन दिवस पुरळ उठले, तर ती ते दुखणे बहुधा अंगावरच काढते. आणि रुबेला या रोगाचे खरे भय त्याच्या या सौम्यपणातच आहे.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली अर्भके एकामागून एक येऊ लागली, तेव्हा त्यांनी केलेल्या चौकशीत बहुतेक मातांना गरोदरपणाच्या आरंभी हाच रोग होऊन गेल्याचे आढळले. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाचे नेत्र, कर्ण, हृदय व मेंदू आकार घेत असतात, आणि मातेच्या रक्तातून वारेमार्गे गर्भात शिरलेला विषाणू त्या घडणीतच व्यत्यय आणतो. मोतीबिंदू लवकर दिसतो. बहिरेपणा मात्र मूल वेळेवर बोलू लागले नाही म्हणजे उमगतो. आणि अशा मुलांपैकी कित्येकांना पुढे मोठेपणी मधुमेह जडल्याचे दीर्घकालीन पाहणीत दिसून आले.

गर्भाला अशीच इजा पोहोचवणारा दुसरा रोग म्हणजे झिका. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे, जुलै २०२१ मध्ये त्याचा राज्यातील पहिला रुग्ण आढळला. डासांवाटे पसरणारा व गर्भस्थ बालकाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकणारा हा रोग रोखण्यास अद्याप लस नसल्याने तेथे डासांच्या बंदोबस्तावरच भिस्त ठेवावी लागते. रुबेलाची लस मात्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते, आणि २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम राबवण्यात आली.

परंतु त्या वेळी ज्या मुलींनी पंधरावे वर्ष ओलांडले होते, त्या मोहिमेबाहेर राहिल्या आणि आज त्यांतील पुष्कळजणी मातृत्वाच्या उंबरठ्यावर आहेत. ही लस गरोदरपणात देता येत नाही, व ती घेतल्यावर निदान एक महिना दिवस राहू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. म्हणून लग्न ठरताच मुलीच्या लसीकरणाची खातरजमा आशाताईंकडून वा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घेणे, हे माहेर आणि सासर या दोन्ही घरांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे. बाळाच्या आरोग्याची तजवीज त्याच्या आईच्या गरोदरपणाआधीच व्हावी लागते.